हौसाबाईंचे पाय आणि इतर नमुने

दुसऱ्या हपिसांत फायली साठतात, आमच्याकडे काडेपेट्या साठायच्या. आणि प्रत्येक काडेपेटीमागे एक किस्सा! मी कधी लिहून ठेवले नाहीत, कारण असला विषय वहीत उतरवायची आपल्याकडे लाज वाटते. पण चार मित्र जमले, चहा झाला, की कुणीतरी म्हणतंच, "हं, सोडा तुमची पोतडी!" आमची ही तेवढ्यात पोह्यांच्या बशा उचलून आत नेते. एवढ्या वर्षांच्या संसारात ही एकच सूचना तिनं मला न बोलता दिली आहे.

तर लढाईचे दिवस होते. साताऱ्याला आमचं जंतांचं पथक होतं. पथक म्हणजे तिघं. डॉक्टर रोगी बघायचे आणि औषध द्यायचे. मी सूक्ष्मदर्शकाखाली लोकांच्या परसाकडचे नमुने तपासायचो. तिसरा गणपा शिपाई. तो पेटी उचलायचा आणि आम्हा दोघांना अक्कल शिकवायचा. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार धरून आम्ही वडूज, मेढा, कडेगाव असे तळ टाकत फिरायचो. खेड्यात माझ्या यंत्राला दुर्बीण म्हणत आणि मला दुर्बीणवाले. साताऱ्यात मला काय म्हणत ते पोह्यांशिवायही सांगण्यासारखं नाही.

हौसाबाईंचं मात्र शेवटी सांगतो. ते आधी सांगितलं तर पुढचं हसता येत नाही, असा अनुभव आहे.

*

आमचा नियम साधा होता. एका माणसाची एक काडेपेटी, आत नमुना, वर नाव. लढाईमुळे काडेपेट्यांचीही टंचाई होती, पण लोक कुठून तरी पैदा करायचे.

कडेगावच्या तळावर एके दिवशी मळ्यातले एक थोराड गृहस्थ आले. मोठ्या अदबीनं त्यांनी एकच पेटी टेबलावर ठेवली.

"नाव सांगा," मी म्हटलं.

"नाव कुणाकुणाचं सांगू? घरात अकरा माणसं हायती. समद्यांचं थोडं थोडं घेतलंय."

मी टाक खाली ठेवला. "अहो, असं नाही चालत!"

"न चालाया काय झालं? एकत्र कुटुंब हाय आमचं!"

आता आणलंच आहे तर बघू, म्हणून मी काच लावली. आत सगळी मंडळी हजर होती. मोठ्या जंतांची अंडी होती, रक्त पिणाऱ्या हूकवर्मची होती, आणि सगळे गुण्यागोविंदानं नांदत होते. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"अहो, पण आता औषध देऊ कुणाला?"

गृहस्थांना हा प्रश्नच कळेना. म्हणाले, "थोरल्या दादाला द्या की! घरात समद्यांचं त्योच बघतो."

*

मी काही कुणाला हसायचा अधिकारी नव्हतो, हेही सांगून टाकतो.

मोठा जंत, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा, त्याचं सगळं भाजीपाल्यावर चालतं. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत जातात, मातीतून पाल्याला चिकटतात, आणि पाला न धुता खाल्ला की पुन्हा माणसाच्या पोटात! अंडं म्हणाल तर कडेनं खडबडीत, तपकिरी, मोठं टिकाऊ. महिनोन् महिने वाट बघतं बिचारं.

डॉक्टरांची शिस्त अशी, की दर सहा महिन्यांनी आम्हा तिघांचेही नमुने इतरांच्यात मिसळून तपासायचे. वर नाव नाही, नुसता आकडा. आकडे कुणाचे ते गणपाच्या चोपडीत.

एका सकाळी सात नंबरची काच लावली आणि मी उडालोच. जिकडे बघावं तिकडे अंडी! एकेक असं रेखीव, की छापून काढावं. मी ओरडलो, "डॉक्टर, या, या! यंदाची सगळ्यात देखणी काच!"

डॉक्टरांनी डोळा लावला. बराच वेळ बघितलं. "खरंच सुंदर," म्हणाले. "गणपा, सात नंबर कुणाचा रे?"

गणपानं चोपडीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्यांचाच हाय की!"

त्याचं असं होतं, की गावाबाहेरच्या एका बागेतली मेथी मी मुद्दाम आणायचो. त्या बागेला सोनखत, म्हणजे माणसांचंच, घालत, म्हणून मेथी अशी लुसलुशीत असायची. कच्चीच खायचो, नुसतं मीठ आणि तेल लावून. घरी येऊन मी हिला झाला प्रकार सांगितला. ही म्हणाली, "रोज म्हणते मी, धुवून देते, धुवून देते! तर म्हणे धुतली की चव जाते!"

*

वडूजला आम्ही एकदा तीन दिवस तळ टाकला. हूकवर्म सापडेल म्हणून मी डोळे फोडून बसलो. एकही नाही! हूकवर्मला ओली, सावलीची माती लागते. वडूजच्या उन्हात त्याची अळी वाळून जाते. डॉक्टर खूश होते. मी मात्र हिरमुसलो, खोटं कशाला बोलू. आमच्या धंद्यात रोग नाही सापडला की दिवस वाया गेल्यासारखा वाटतो.

चावडीत एक म्हातारबाबा रोज येऊन बसायचे. निघताना मी त्यांना म्हटलं, "बाबा, तुमच्या गावात ते किडे नाहीत बरं का. नशीबवान आहात."

म्हातारबाबांनी तंबाखू मळत विचार केला. "आवं सायेब, हितं पाऊस न्हाई, पीक न्हाई, आमची पोरं हितं थांबत न्हाईत. किडं कशाला थांबतील?"

*

मोठ्या जंतांवर तेव्हा सँटोनीन नावाची पूड देत. औषध नामी, पण त्याची एक खोड होती. काही जणांना ते घेतल्यावर दिवसभर सगळं पिवळं दिसायचं. डॉक्टर प्रत्येकाला आधी सांगायचे. ऐकायचं कोण?

कऱ्हाडच्या बाजूला एका गावी खंडोबाचे एक भगत होते. त्यांना सकाळी पूड दिली. दुपारी ते धावत चावडीत आले. डोळ्यांत पाणी, हात जोडलेले.

"सायेब! द्येव पावला! समदीकडं भंडारा उधळलाय! बैल पिवळा, बायकू पिवळी, आभाळ पिवळं!"

"अहो, औषधानं दिसतं तसं. उद्या जाईल," मी म्हणालो.

"जाईल कसं? म्या जाऊ द्यायचा न्हाई!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर बाहेर निम्मं गाव. म्हातारे, बायका, सगळे अंघोळ करून आलेले. "आमास्नीबी दर्शन द्या!" मी समजूत घालायला पुढे झालो, तर डॉक्टरांनी मला मागे ओढलं. गेले सहा महिने हे गाव एक नमुना द्यायला तयार नव्हतं. डॉक्टर उंबऱ्यावर उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "आधी काडेपेटी, मग औषध. ज्याच्या पोटात जंत निघेल त्यालाच!"

संध्याकाळपर्यंत टेबल भरलं! जवळपास सगळ्यांच्या पोटात जंत निघाले आणि गाव आनंदात घरी गेलं. एकट्या एका सुतारमामाचा नमुना स्वच्छ निघाला. तो बिचारा पुढं कितीतरी दिवस तोंड पाडून फिरत होता. "माझंच पाप आडवं आलं," म्हणायचा.

*

मेढ्याचा किस्सा फितीच्या जंताचा. हा जंत चपटा, पांढरा, हातच्या हात लांब. त्याचं डोकं म्हणजे नुसता टाचणीचा माथा, पण ते आतड्याला चिकटून राहिलं तर बाकीचा पुन्हा वाढतो. आणि हा भाजीतून येत नाही. डुकराचं मांस कच्चं राहिलं आणि ते खाल्लं, तर येतो.

आता आमच्यापुढे बसलेले गृहस्थ माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, गावात मोठा मान. शेजारी डोईवर पदर घेतलेली कारभारीण. त्यांनी आणलेल्या पेटीत त्या फितीचे दोन तुकडे होते. शंकेला जागाच नव्हती.

डॉक्टरांनी आवाज खाली आणून विचारलं, "रानडुकराची शिकार वगैरे... कधी?"

"शिव शिव! आवं, कांदा शिवत न्हाई मी!"

"पण हा जंत तर तुमच्याच पोटातला."

माळकरीबुवा जराही डगमगले नाहीत. "दुसऱ्या कुणाचा तरी आसंल," म्हणाले.

डॉक्टर फार सज्जन माणूस. चारचौघांत कुणाची माळ तुटू नये, म्हणून त्यांनी आयुष्यातलं बहुधा एकमेव खोटं वाक्य उच्चारलं. "कधीकधी काय होतं, रानातलं पाणी प्यायल्यानंही येतो म्हणे."

"त्येच त्ये!" बुवा उसळून म्हणाले. "पाणीच आसणार!"

इतका वेळ गप्प बसलेली कारभारीण पदराआडून म्हणाली, "व्हय सायेब. पाणी प्यायलाच जात्यात रानात. बंदूक घिऊन!"

*

आता हवालदारांची ओळख करून देतो, कारण पुढं ते लागणार आहेत.

कडेगावच्या तळापासून कोसभर लांब एक उसाचं गाव होतं. तिथले हे पेन्शनर हवालदार. मागच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले. गळ्यात शिट्टी आणि पायात कायम अम्युनिशन बूट, पाणी सोडलेल्या उसात उतरतानासुद्धा! बुटात चेहरा दिसेल असं पॉलिश. असं म्हणत, की बायकोच्या हळदीकुंकवाला विसरतील, पण बुटाला विसरणार नाहीत.

लढाईची भरती जोरात होती. भरतीवाले फिकट पोरांना परत पाठवायचे, जंत काढून या म्हणून. हवालदारांनी गावातली अशी सात पोरं रांगेत चालवत आणली. सातांच्या सात काडेपेट्याही टेबलावर रांगेत.

मी पहिली काच बघितली. दुसरी बघितली. तिसरीला मला शंका आली. सातही काचांवर तीच अंडी, तेवढीच, आणि प्रत्येक पेटीत डाळिंबाच्या बियांचा चुरा.

"काय रे, काल सगळ्यांनी डाळिंब खाल्लं का?"

हवालदारांनी एकदा बूट आपटला. तेव्हा टोकाचा एक पोरगा, बाबू नाव त्याचं, खाली बघून म्हणाला, "डाळिंब आमच्या मास्तरांनी खाल्लं, सायेब."

मागच्या खेपेला गावात एकट्या शाळामास्तरांचा नमुना स्वच्छ निघाला होता. म्हणून सगळ्यांनी त्यांचाच वाटून आणलेला! मधल्या काळात मास्तरांनाही हूकवर्म झाला होता, हे कुणाला ठाऊक? डॉक्टर एवढंच म्हणाले, "उद्या मास्तरांना पाठवा."

मग पोरांचे स्वतःचे नमुने घेतले. सगळ्यांना हूकवर्म होताच. औषध दिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि दोनेक महिन्यांत पोरं लाल झाली. त्यातली दोन लगेच भरती झाली. एक हा बाबू, हौसाबाईंचा एकुलता. दुसरा मारुती, हवालदारांचा. जाताना दोघं आम्हाला पेढे देऊन गेले. आम्ही खूश. काम चोख झालं होतं.

*

हौसाबाई पहिल्यांदा आल्या त्या बैलगाडीतून. बाबू जाऊन आठ-नऊ महिने झाले होते. नवरा मागेच गेलेला, त्यामुळे उसाला पाणी पाजायलाही त्याच. गाडीतून चावडीच्या पायरीपर्यंत येताना दोनदा बसल्या. ओठ पांढरे, डोळ्यांखालची कातडी सुजलेली. डॉक्टरांनी बोटाचा थेंब टिपकागदावर घेतला. रक्त किती दाट ते त्या डागाच्या रंगावरून आम्ही ताडत असू. तो डाग बघून मी डॉक्टरांकडे बघितलं. पाणी घातलेल्या कुंकवासारखा रंग होता.

नमुना बघायची खरं तर गरजच नव्हती, तरी बघितला. हूकवर्म!

डॉक्टरांनी सगळ्यांसमोर समजावलं. माणूस उसाच्या आडोशाला बसतो. तिथं सावली असते, ओल असते. अंडी फुटतात, अळी होते. ती डोळ्यांना दिसत नाही. मातीत वर येऊन वाट बघत बसते. अनवाणी पाय पडला की बोटांच्या बेचक्यातून आत शिरते. मग रक्तातून फुप्फुसात, तिथून वर घशात, घशातून गिळली गेली की पोटात. तिथं आतड्याला दात लावून रक्त पीत बसते.

गाडीबरोबर आलेले हवालदार कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "सायेब, ह्यो एवढा वळसा कशापायी? सरळ तोंडातनंच जायाचं की!"

डॉक्टर म्हणाले, "आमची सर्व्हिस मोटार कुठं सरळ येते?"

सगळे हसले. हौसाबाई हसल्या नाहीत. त्या आपल्या पायांकडे बघत होत्या. बेचक्यांत चिखल्या, आणि टाचांना भेगा. डॉक्टरांनी औषध दिलं आणि बजावलं, "वहाण घातल्याशिवाय रानात जायचं नाही." त्या औषध पदराला बांधून उठल्या. आम्हाला वाटलं, समजलं.

*

चार महिन्यांनी पुन्हा गाडी. पुन्हा तसाच डाग. पुन्हा औषध. आणखी चार महिन्यांनी तिसऱ्यांदा. या खेपेला त्यांना उचलून आणावं लागलं, आणि पाय तसेच उघडे!

डॉक्टर चिडलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. "बाई, तुम्हाला जगायचं आहे का नाही? मी वरून रक्त भरतो आणि तुम्ही खालून सांडता! असंच चाललं तर आणखी एक पावसाळा निघायचा नाही तुमचा!"

हौसाबाईंना बोलायलाही धाप लागत होती. "भैरोबाला बोललीया मी. बाबू परत येईस्तवर पायात वहाण घालायची न्हाई."

"तो येईल तेव्हा तुम्ही असायला नको?"

"मी आसून काय करू? त्यो आला पायजे."

गणपानं त्याच्या परीनं वाट काढली. "पायाला गोणपाट गुंडाळा, मावशी. त्ये काय वहाण न्हवं." हवालदारांनी त्याच्यावर कडी केली. "माझं बूट घाल. बूट म्हंजे वहाण न्हाई, बूट हाय! द्येवाला सांगाया मी येतो."

"भावजी, द्येव काय भरतीवाला हाय व्हय, मास्तरांची पेटी दिली की फसायला?" हौसाबाई म्हणाल्या.

हवालदार तापले. "येडी हाईस का, वैनी? माझाबी मारुती तिकडंच हाय. म्या काय बुटं काढली? लढाई बुटात जिकत्यात, अनवाणी न्हवं!"

त्यांच्याकडे लक्षच न देता हौसाबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "सायेब, रागावू नगा. पर त्येच्या पोटात किडं व्हतं, तवा त्यो घरात तरी व्हता. तुमी किडं काढलं आन त्यो गेला."

डॉक्टर खुर्चीत बसले. मी काच पुसत राहिलो. त्या पोराचे पेढे मीही खाल्ले होते. इतक्या वर्षांनी सांगतो, त्या वाक्यानं मला जे वाईट वाटलं ते अजून गेलेलं नाही.

*

त्या दिवशी डॉक्टर जेवले नाहीत. तळाच्या ओट्यावर बसून होते. मग हवालदारांना बोलावलं.

"हवालदार, बाईंचा पाय झाकता येत नाही. मग आपण माती स्वच्छ करू. त्या रानात, त्या पाणंदीत कुणी बसलंच नाही, तर नवी अळी होणार नाही. जुनी आहे ती महिना-दीड महिन्यात मरते. पण कुणीच म्हणजे कुणीच बसता कामा नये. जमेल?"

हवालदार उठून उभे राहिले. "ट्रेंच!" म्हणाले. बस्स, तेवढंच.

बसऱ्याच्या छावणीत होते तसे खंदक त्यांनी गावाच्या दोन अंगाला खणून घेतले. पुरुषांचे ओढ्यापल्याड, बायकांचे इकडे, उसाच्या पाचटाच्या तट्ट्यांचे आडोसे. मातीचा ढीग शेजारी, वर खोरं. वापरून झालं की माती लोटायची. पहाटेपासून हवालदार पाणंदीच्या तोंडाशी शिट्टी घेऊन उभे. कुणी तांब्या घेऊन उसाकडे वळला की शिट्टी! दिवसातनं तीनदा गस्त. गाव आधी हसलं, मग चिडलं. मग एका सकाळी खुद्द पाटीलच तांब्यासकट शिट्टीत सापडले.

पाटील कडाडले, "हवालदार, ह्यो ऊस माझा हाय! माझ्या रानात म्या कुठं बसायचं त्ये तुमी सांगणार?"

हवालदारांनी सलाम ठोकला. "ऊस तुमचा हाय, पाटील. पर हौसावैनीची वाट हितनं जाती."

पाटलांनी एकदा पाणंदीकडं बघितलं. मग तांब्या घेऊन ओढ्याकडे चालू लागले. त्यानंतर गावात कुणाची वळायची छाती झाली नाही. बायकांच्या बाजूला हवालदारीणबाईंनी शिट्टीशिवायच बंदोबस्त केला, आणि तो नवऱ्याच्यापेक्षा कडक होता असं ऐकलं.

चार महिन्यांनी हौसाबाई आल्या त्या गाडीतून, पण पायरी स्वतः चढल्या. पुढच्या खेपेला चालत आल्या. मी त्यांच्या नमुन्याची काच तीन वेळा लावली. काही नाही! टिपकागदावरचा डाग बघून डॉक्टरांनी मला तो हातात घेऊन बघायला दिला. आमच्यात पेढे वाटायची पद्धत नव्हती, पण गणपानं त्या दिवशी स्वतःच्या पुडीतला गूळ सगळ्यांना दिला.

त्याच सुमाराला हवालदारांच्या घरी सरकारी कागद आला. मारुती ब्रह्मदेशात बेपत्ता. मेला असंही नाही, आहे असंही नाही. पहाटेची शिट्टी मात्र एक दिवसही चुकली नाही, असं गाव सांगायचं.

*

लढाई संपली. पोरं येऊ लागली. कडेगावच्या तळावर एका सकाळी बाबू आला. अंगानं भरलेला, खाकी शर्ट, पायात बूट. बरोबर हौसाबाई. एकदा शेवटचं रक्त बघून घ्या म्हणून त्यानंच आणलं होतं. हवालदारही सोबत आले होते, पण आत न येता बाहेर लिंबाखाली उभे राहिले. गळ्यात शिट्टी आणि पायात ते बूट, तसेच लखलखीत.

मी थेंब घेतला. डाग लालभडक! डॉक्टर हसले. "बाई, आता हा कागद फ्रेम करून लावा!"

बाबू म्हणाला, "सायेब, आता तुमीच सांगा आईला. येताना नव्या वहाणा आणल्यात म्या. आठ दिस झालं, तशाच पडल्यात."

आम्ही तिघांनीही खाली बघितलं. पाय उघडेच होते.

डॉक्टर म्हणाले, "हे काय? भैरोबाला सांगून आलात ना?"

"आली की. नारळ फोडला, निवद दावला."

"मग नवस फिटला?"

"माझा फिटला."

"मग आता वहाण घालायला काय हरकत आहे?"

हौसाबाईंनी दाराबाहेर लिंबाकडे एकदा बघितलं. पदर सारखा केला आणि आवाज अगदी बारीक केला, तिकडं ऐकू जाऊ नये म्हणून.

"भावजींचा मारुती यायचा हाय अजून," त्या म्हणाल्या. "आन त्यास्नी काय बुटं काढवत न्हाईत."